जुन्या कुलपावरची पेटंटची तारीख : वाचावी कशी, शोधावी कशी

वाडा उतरवताना निघालेल्या सामानात, पुण्याच्या जुन्या बाजारातल्या पथारीवर किंवा आजोबांच्या ट्रंकेवर एखादे जड कुलूप सापडते आणि त्याच्या अंगावर बारीक रोमन अक्षरांत ‘पेटंट’ हा शब्द व त्यापुढे तारीख किंवा क्रमांक दिसतो. बहुतेक जण ती तारीख म्हणजे कुलपाची जन्मतारीख समजतात आणि विकणाराही तसेच सांगतो. वास्तविक ती एका कल्पनेला सरकारी संरक्षण मिळाल्याची तारीख असते. ती कोरलेले कुलूप त्या दिवसाच्या आधीचे नाही, एवढेच तिच्यावरून खात्रीने म्हणता येते. ते त्यानंतर सहा महिन्यांनी बनले की चाळीस वर्षांनी, हे दुसऱ्या पुराव्यांवरून काढावे लागते. हा भेद मनात पक्का ठेवला तर पुढचे सगळे काम सोपे जाते; तो सुटला की चांगला संग्राहकही फसतो.

अक्षरे वाचण्याआधी

आपल्याकडे पितळेची वस्तू मळकट दिसली की हात लगेच चिंचेकडे किंवा राखेकडे जातो. कुलपाच्या बाबतीत हा मोह आवरायलाच हवा. ठशाने उठवलेली अक्षरे जेमतेम केसाएवढी खोल असतात आणि दर दिवाळीला घासलेल्या कुलपावर त्यांची फक्त सावली उरते. माझ्याकडे आलेल्या एका पितळी कुलपाची दर्शनी बाजू अशीच घासून आरशासारखी झाली होती आणि तिच्यावर वाचण्यासारखे काहीही नव्हते. किल्लीच्या भोकावरची लोलकासारखी झाकणी बाजूला सरकवली, तेव्हा तिच्या खाली राहिलेल्या, कधीच न घासलेल्या काळपट पितळेवर दोन अक्षरे आणि एका आकड्याचा अर्धा भाग स्वच्छ दिसला. त्या दिवसापासून मी कुलूप हाती आले की आधी झाकणी उचलतो.

मऊ दाताच्या ब्रशने कोरडी धूळ काढावी. माती घट्ट बसली असेल तर रॉकेलचा एक थेंब लावून रात्रभर ठेवावे आणि सकाळी सुती कापडाने टिपून घ्यावे. तारेचा ब्रश, सँडपेपर आणि ॲसिड यांना हात लावू नये. मग खोलीत अंधार करून टॉर्च कुलपाच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा धरावा आणि हळूहळू फिरवावा. समोरून पडलेल्या उजेडात सपाट वाटणारी जागा आडव्या उजेडात अक्षरे दाखवू लागते. प्रत्येक कोनातून मोबाइलवर फोटो काढावा, कारण एकाच आकड्याचा वरचा अर्धा भाग एका फोटोत आणि खालचा दुसऱ्या फोटोत उमटणे नेहमीचे आहे. तरीही जमले नाही तर पतंगाचा पातळ कागद ठेवून मऊ शिसपेन्सिलीने वरून हलकेच घासावे.

मजकूर दर्शनी भागावरच असेल असे नाही. लटकत्या कुलपाची कडी उघडून तिची आत जाणारी टोके, कुलपाचा तळ, कडेची पट्टी आणि झाकणीची मागची बाजू पाहावी. दारावर बसवलेल्या कुलपात खिटी जिथून बाहेर येते ती उभी पट्टी आणि किल्लीच्या डोक्याच्या दोन्ही बाजू तपासाव्यात. किल्लीवरची तारीख कुलपाच्या तारखेला आधार म्हणून तेव्हाच घ्यावी, जेव्हा किल्ली त्याच कुलपाची असल्याचे दोन्हींवरच्या समान क्रमांकावरून दिसते. बाजारात कुलपाला चालणारी दुसरीच किल्ली जोडून देणे सर्रास चालते.

जे दिसले ते जसेच्या तसे वहीत उतरवावे. न दिसलेल्या अक्षराच्या जागी टिंब ठेवावे, अंदाज लिहू नये. अंदाज एकदा लिहिला की डोळ्यांना पुढे तोच दिसत राहतो.

खूण कोणत्या देशाची?

प्रत्येक देशाच्या कायद्याने वेगळी खूण मागितली, म्हणून खुणेची धाटणीच देश सांगते. महिना, दिवस आणि वर्ष अशी पूर्ण तारीख असेल तर कुलूप बहुधा अमेरिकी असते. चौकट कोनावर उभी केल्यासारखी खूण, किंवा नोंदणी या अर्थाच्या दोन अक्षरांपुढे लांब क्रमांक, ही ब्रिटिश डिझाइनची नोंद असते. ‘डी. आर. पी.’ हे १८७७ पासूनचे जर्मन साम्राज्याचे पेटंट आणि ‘डी. आर. जी. एम.’ ही १८९१ पासूनची, लहानसहान सुधारणांसाठी असलेली जर्मन नोंदणी होय. ‘एस. जी. डी. जी.’ ही फ्रेंच खूण १८४४ ते १९६८ इतक्या लांब काळात वापरात होती. सरकार कशाचीही हमी देत नाही, एवढाच तिचा अर्थ असल्यामुळे काळ ठरवायला तिचा फारसा उपयोग होत नाही.

अमेरिकी तारीख आणि मंगळवारची कसोटी

अमेरिकेत १८४२ च्या कायद्याने पेटंट मिळालेल्या वस्तूवर पेटंटची तारीख उमटवणे बंधनकारक केले आणि पेटंट नसताना तसा शिक्का मारणाऱ्याला किमान १०० डॉलर दंड ठेवला. १८७० च्या कायद्यातही दिवस आणि वर्ष लिहिण्याची अट कायम होती. तारखेऐवजी क्रमांक लिहिण्याची अट १९२७ मध्ये आली. त्यामुळे अमेरिकी कुलपावर नुसती तारीख असेल तर ते पेटंट सर्वसाधारणपणे १८४२ ते १९२७ या काळातले आणि नुसता सात आकडी क्रमांक असेल तर बहुधा त्यानंतरचे, अशी पहिली चाळणी लागते.

आता या कामातले सगळ्यांत उपयोगी साधन. १८४८ च्या सुमारापासून अमेरिकेचे पेटंट कार्यालय पेटंटे मंगळवारीच देत आले आहे. म्हणजे तुम्ही वाचलेली तारीख मंगळवारी येत नसेल तर तुमच्या वाचनात चूक आहे, असे जवळजवळ निश्चित समजावे. कोणत्याही जुन्या तारखेचा वार आज मोबाइलच्या कॅलेंडरवर क्षणात मिळतो.

ही कसोटी प्रत्यक्षात कशी चालते ते पाहा. समजा, तुम्हाला ‘२७ जून १८६’ एवढे वाचता आले आणि शेवटचा आकडा पूर्ण झिजला आहे. १८६० ते १८६९ या दहा वर्षांत २७ जूनला कोणता वार होता, ते ओळीने काढावे : बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शनिवार, रविवार. मंगळवार एकदाच येतो, १८६५ मध्ये. झिजलेला आकडा पाच होता, हे भिंग न लावता कळले. हे उदाहरण मी मुद्दाम घेतले आहे, कारण २७ जून १८६५ या दिवशी लायनस येल धाकटे यांना ४८,४७५ क्रमांकाचे पेटंट मिळाले आणि आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात असलेल्या चपट्या, दातेरी किल्लीच्या कुलपाची घडण त्यात आहे. त्याआधीचे त्यांचे ३१,२७८ क्रमांकाचे पेटंट २९ जानेवारी १८६१ चे, तेही मंगळवारचेच.

आकड्यांत लिहिलेल्या तारखांनाही हीच कसोटी लावावी. अमेरिकी पद्धतीत महिना आधी येतो आणि आपल्याला दिवस आधी वाचायची सवय असते. ‘५–६–७९’ असे दिसले तर ५ जून १८७९ हा गुरुवार होता आणि ६ मे १८७९ हा मंगळवार. अर्थात तारीख ६ मे आहे.

तारीख हाती आली की क्रमांक शोधायचा. अमेरिकी पेटंटांची आजची क्रममाला जुलै १८३६ मध्ये एकपासून सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कार्यालयाला आग लागून आधीची बहुतेक कागदपत्रे जळाली, त्यामुळे १८३६ पूर्वीच्या अमेरिकी कुलपांचा कागदोपत्री माग क्वचितच लागतो. पुढच्या काळासाठी प्रत्येक दशकाचा पहिला क्रमांक वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवावा : १८५० साठी ६,९८१, १८६० साठी २६,६४२, १८७० साठी ९८,४६०, १८८० साठी २,२३,२११, १८९० साठी ४,१८,६६५, १९०० साठी ६,४०,१६७, १९१० साठी ९,४५,०१०, १९२० साठी १३,२६,८९९. कुलपावर क्रमांक असेल तर त्याचे दशक यावरून लगेच कळते.

फक्त तारीख असेल तर दोन वाटा आहेत. गूगल पेटंट्सवर प्रकाशनाच्या तारखेची मर्यादा नेमक्या त्या मंगळवारपुरती घालावी आणि वर्गीकरणात ‘ई०५बी’ हा कुलपांचा वर्ग रोमन अक्षरांत टाकावा. याच वर्गात २७ हा उपविभाग येलसारख्या सिलिंडरच्या कुलपांचा, २१ लिव्हरच्या, म्हणजे किल्लीने आतल्या पट्ट्या उचलणाऱ्या कुलपांचा, ६७ लटकत्या कुलपांचा आणि १९ किल्ल्यांचा आहे. शब्दांनी शोध घेण्यावर मात्र भिस्त ठेवू नये. एकोणिसाव्या शतकातली पाने यंत्राने वाचून मजकुरात उतरवली आहेत आणि त्यात ‘लॉक’ या साध्या शब्दाचीही वाट लागलेली असते. वर्गीकरण जुळले नाही तर त्या आठवड्याची पेटंटे एकेक करून चाळावी. १८६५ साली अमेरिकेत वर्षभरात सुमारे ६,१०० पेटंटे निघाली, म्हणजे एका मंगळवारी सरासरी शंभर-सव्वाशे. एका संध्याकाळी ती सगळी डोळ्यांखालून घालता येतात आणि चित्र पाहताच कुलूप ओळखू येते.

दुसरी वाट छापील अनुक्रमणिकांची आहे. पेटंट आयुक्तांचे वार्षिक अहवाल आणि जानेवारी १८७२ पासून निघू लागलेले साप्ताहिक राजपत्र इंटरनेट अर्काइव्ह आणि हाथीट्रस्ट या ऑनलाइन ग्रंथालयांवर वाचायला मिळतात. वार्षिक अनुक्रमणिकेत विषयवार आणि नाववार अशा दोन याद्या असतात. कुलपावर कारखान्याचे नाव असले तरी पेटंट एखाद्या कारागिराच्या नावे असू शकते, कारण त्याने आपला हक्क कारखान्याला लिहून दिलेला असतो. म्हणून आधी विषयवार यादी पाहावी.

एवढे करूनही त्या मंगळवारी कुलपाचे एकही पेटंट सापडले नाही तर निराश होऊन तारीख खोटी ठरवू नये. डिझाइन पेटंटांची आणि दुरुस्त करून पुन्हा दिलेल्या पेटंटांची क्रममाला वेगळी असते, तीही तपासावी. शिवाय संरक्षण कुलपाच्या यंत्रणेला नसून नुसत्या झाकणीला, कडीला किंवा ट्रंकेच्या कोयंड्याला असू शकते आणि ते पेटंट वेगळ्याच वर्गात बसलेले असते.

ब्रिटिश कुलपे : शब्द सढळ, तारीख दुर्मीळ

महाराष्ट्रात जुनी परदेशी कुलपे निघतात त्यांत इंग्लंडची फार मोठ्या संख्येने आहेत. वुल्व्हरहॅम्प्टन आणि त्याच्या शेजारचे विलेनहॉल हा तिथला कुलपांचा मुलूख. या कुलपांवर ‘पेटंट’ हा शब्द भरपूर आढळतो, पण तारीख बहुधा नसते आणि पेटंटाची मुदत संपल्यावरही तो शब्द ठशात राहून गेलेला असतो. रॉबर्ट बॅरन यांचे दुहेरी क्रियेचे लिव्हर कुलूप १७७८ चे, जोसेफ ब्रामा यांचे नळीदार किल्लीचे कुलूप १७८४ चे आणि जेरेमाया चब यांचे चोरी उघडकीला आणणारे कुलूप १८१८ चे. या तिघांच्या पद्धतीची कुलपे पुढे कित्येक दशके बनत राहिली. ब्रामा यांच्या दुकानातले आव्हानाचे कुलूप १८५१ मध्ये अमेरिकेच्या आल्फ्रेड हॉब्स यांनी १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून उघडले, तोवर मूळ पेटंट ६७ वर्षांचे झाले होते. तेव्हा ‘ब्रामा पेटंट’ असे वाचून कुलूप अठराव्या शतकातले मानणे धाडसाचे ठरते. चबच्या कुलपांवर स्वतंत्र अनुक्रमांक आणि पुष्कळदा लंडनचा पत्ता असतो. आधीचा पत्ता सेंट पॉल्स चर्चयार्डचा, नंतरचा क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटचा. वय काढायला हे दोन्ही ‘पेटंट’ या शब्दापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी आहेत.

जुन्या बंगल्यांच्या दारांवर उभी उचलली जाणारी कडी असलेली, पितळी राजमुद्रेचा गोल ठोकलेली लोखंडी कुलपे दिसतात. त्यांवर कार्पेंटर यांचे नाव असते. विलेनहॉलचे जेम्स कार्पेंटर आणि जॉन यंग यांचे हे पेटंट १८३० चे. कार्पेंटर १८४४ मध्ये वारले आणि व्यवसाय पुढे चालू राहिला, म्हणून नुसत्या नावावरून १८३० चे दशक गृहीत धरू नये.

ब्रिटिश क्रमांक वाचताना एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी. १८५२ च्या कायद्यानंतर तिथे दर वर्षी एकपासून नवी मोजणी सुरू होई आणि हा क्रम १९१५ पर्यंत चालला. सलग क्रममाला १९१६ मध्ये १,००,००१ पासून सुरू झाली. म्हणून कुलपावर नुसता ‘पेटंट १२३४५’ असा पाच आकडी क्रमांक असेल तर तो अनेक वर्षांत आढळतो आणि वर्ष कळल्याशिवाय निरुपयोगी ठरतो. एस्पेसनेट या युरोपीय संकेतस्थळावर १८९० च्या दशकापासूनची ब्रिटिश पेटंटे पाहता येतात. तिथे देशाच्या दोन अक्षरांनंतर (‘जी. बी.’, रोमन अक्षरांत) चार आकडी वर्ष आणि मग पाच आकडी क्रमांक सलग लिहावा. वर्ष माहीत नसेल तर तोच क्रमांक एकेका वर्षाला जोडून पाहावा. पंचवीस प्रयत्नांत कुलपाचे चित्र बहुधा समोर येते.

चौकटीची खूण १८४२ ते १८८३ या काळातली आहे. माथ्यावरच्या वर्तुळात रोमन एक असेल तर वस्तू धातूच्या वर्गातली. १८६७ पर्यंत वर्षाचे अक्षर वरच्या कोपऱ्यात, महिन्याचे डाव्या आणि दिवसाचा आकडा उजव्या कोपऱ्यात असे. १८६८ पासून दिवस वर, वर्ष उजवीकडे आणि महिना खाली गेला. अक्षरे वर्णानुक्रमाने नाहीत : ‘एक्स’ म्हणजे १८४२ आणि पुन्हा १८६८, ‘एच’ म्हणजे १८४३ आणि पुन्हा १८६९. एकच अक्षर दोनदा येते म्हणूनच ते कोणत्या कोपऱ्यात आहे हे आधी पाहायचे. महिन्यांत ‘सी’ जानेवारी, ‘जी’ फेब्रुवारी, ‘डब्ल्यू’ मार्च असा संकेत आहे. १८८४ पासून चौकट गेली आणि साधा नोंदणी क्रमांक आला, तोही एकपासून. १८८५ ची सुरुवात १९,७५४ ने होते. मूळ नोंदवह्या लंडनमध्ये क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या वाचकांना तिथे जाऊन नोंदीसोबतचे मूळ चित्र पाहता येईल.

भारतीय कुलपांविषयी

भारतात शोधांना संरक्षण देणारा पहिला कायदा १८५६ चा. तो रद्द होऊन १८५९ मध्ये नवा आला आणि त्यात मिळणाऱ्या हक्काला पेटंट न म्हणता अनन्य विशेषाधिकार म्हणत. पेटंट हा शब्द आपल्या कायद्यात ठळकपणे रुळला तो १९११ च्या पेटंट आणि डिझाइन कायद्याने. अलीगढला १८९० च्या सुमारास कुलपे बनू लागली आणि मुंबईत लालबागला अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कारखाना काढला. म्हणून भारतीय क्रमांकाचा दावा करणारे कुलूप १९१२ च्या आधीचे सांगितले जात असेल तर आणखी पुरावा मागावा, आणि त्याहून जुन्या कुलपावर ‘पेटंट’ असेल तर आधी इंग्लंडकडे पाहावे.

चित्राशी ताडून पाहणे

पेटंट सापडले म्हणजे काम झाले असे नाही. चित्र आणि कुलूप शेजारी ठेवून शेवटच्या परिच्छेदातले दावे वाचावेत, कारण संरक्षण नेमके कशाला आहे ते तिथेच लिहिलेले असते. किल्लीचे भोक, खिटीची दिशा, कडीची बिजागरी आणि रिव्हेटांच्या जागा जुळतात का ते पाहावे. रिव्हेट ठोकून बंद केलेले कुलूप आतले पाहण्यासाठी कधीही फोडू नये. भोकातून बारीक टॉर्च टाकून लिव्हरांची संख्या मोजता येते.

कुलपावर अनेक तारखा असतील तर सर्वांत अलीकडची धरावी. अमेरिकेत १८६१ पासून पेटंटाची मुदत १७ वर्षांची होती. पेटंटासाठी अर्ज केल्याचे तेवढे लिहिले असेल तर कुलूप पेटंट मिळण्याच्या थोडे आधीचे असते आणि हा पुरावा तारखेपेक्षाही नेमका ठरतो.

काळ आणखी नेमका करायला इतर खुणा पाहाव्यात. ‘ट्रेड मार्क’ हे शब्द ब्रिटिश वस्तूवर असतील तर ती बहुधा १८७६ नंतरची, कारण तिथली नोंदणी त्या वर्षी सुरू झाली. देशाचे नाव लिहिलेले असेल तर आयात मालावरच्या मूळ देशाच्या नावाविषयीचा ब्रिटनचा १८८७ चा आणि अमेरिकेचा १८९० चा कायदा आठवावा. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकानंतरचा : एक तर दुरुस्ती झाली आहे किंवा कुलूपच नवे आहे. मुंबईच्या चोरबाजारात राणीच्या आद्याक्षरांची नवी ओतीव पितळी कुलपे जुनी म्हणून विकली जातात. ओतीव अक्षरांच्या कडा गोलसर आणि दाणेदार असतात, ठशाच्या अक्षरांच्या कडा धारदार व तळ सपाट असतो. कडी जिथे कुलपाला घासते तिथे झीज नाही आणि अक्षरे मात्र पुसट आहेत, असे दिसले की ते कुलूप परत ठेवावे.

शेवटी प्रत्येक कुलपाला सुती दोऱ्याने एक चिठ्ठी बांधावी. धातूची पिन किंवा रबर बँड वापरू नये, त्यांचे डाग पितळेवर कायमचे पडतात. चिठ्ठीवर तीन ओळी पुरतात. पहिल्या ओळीत दिसलेला मजकूर टिंबांसह, दुसऱ्या ओळीत सापडलेल्या पेटंटाचा देश, क्रमांक व तारीख, आणि तिसऱ्या ओळीत निष्कर्ष, तोही ‘१८६५ चे’ असा न लिहिता ‘२७ जून १८६५ किंवा त्यानंतरचे, नेमके वर्ष अनिश्चित’ असा.